वाचकांचे प्रश्न : शटर कधी वर जाणार?

ह्या खेपेला प्रश्न बरेच आले अन निम्म्याहून जास्त एकच, हे कोरोनाचं लॉकडाऊन अजून किती दिवस. आधीच कबूल करतो, मागच्या वर्षी एप्रिलच्या अंकात ह्याच पानावर मी ठणकावून लिहिलं होतं की १४ एप्रिलनंतर सगळं हळूहळू सुरळीत होईल, काळजी नसावी. प्रेस बंद होती म्हणून तो अंक छापलाच गेला नाही, नुसती पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरली, अन मे महिन्यात एका वाचकानं त्या ओळीला लाल गोल करून मला परत पाठवली, खाली एवढंच, "दादा, कुठल्या सालचा १४ एप्रिल?" तेव्हापासून मी तारीख सांगत नाही. हे ९ जून २०२१ ला लिहायलोय, खालचे सगळे नियम त्या दिवसाचे, अंक हातात पडेपर्यंत काही बदललं असलं तर समजून घ्या.

प्रश्न : दादा नमस्कार. माझं अंबाजोगाईत कटिंगचं दुकान हाय, दोन खुर्च्या. एप्रिलपासून शटर खाली. आधी ३० एप्रिल म्हणले, मग १ मे, मग १५ मे, मग १ जून, आता १५ जून म्हणायलेत. गाळ्याचं भाडं अन लोनचा हप्ता काही तारीख बघून थांबत नाही. तेवढं एकदा खरं सांगा, १५ ला नक्की उघडणार का परत पुढं ढकलणार? — एक कारागीर, अंबाजोगाई

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र आलं तेव्हा १५ जून ही तारीख होती, मी उत्तर लिहायला बसेपर्यंत नियमच बदलला. ४ जूनच्या रात्री सरकारचा नवा आदेश आला, ७ तारखेपासून पाच स्तर केलेत. त्यात बीड जिल्हा तिसऱ्या स्तरात आहे म्हणजे तुमचं दुकान आता दुपारी चारपर्यंत उघडता येतं, अर्ध्या खुर्च्यांवर, गिऱ्हाइकाला आधी वेळ देऊन अन एसी न लावता. दोन खुर्च्यांतली अर्धी म्हणजे एकच. पण शटर वर गेलं हे खरं.

आता तारखेचं. आपण सगळे ३० एप्रिल, १५ मे ह्याला शेवटची तारीख समजत होतो, तिथंच गफलत झाली. ती फेरविचाराची तारीख असते. असा आदेश काढायचा तर त्याला मुदत घालावी लागते, मग मुदत संपत आली की आकडे बघायचे अन पुढचा आदेश काढायचा. साधारण पंधरा-पंधरा दिवसांचेच हप्ते का पडले तर आज ज्याला लागण झाली त्याला ताप-खोकला दिसायला सरासरी पाच-सहा दिवस अन कधी चौदा दिवससुद्धा लागतात, मग टेस्ट, मग रिपोर्ट, अन बेड लागलाच तर तो आणखी पुढं, म्हणून आज बंद केलेल्याचा गुण दोन आठवडे तरी दिसत नाही. गेल्या वर्षी २५ मार्चला २१ दिवस म्हणून सुरू झालं अन ३ मे, १७ मे, ३१ मे करत ६८ दिवस झाले. पहिल्या दिवशीच कोणी ६८ म्हणलं असतं तर आपण ऐकलं असतं का, मला शंका आहे. पण दर वेळी "आता थोडंच राहिलं" अशा सुरात सांगितलं गेलं ना, त्यानं लोकांचा विश्वास जास्त गेला असं माझं मत, उशीर झाल्यापेक्षाही जास्त.

नव्या पद्धतीत दर गुरुवारी आरोग्य खातं जिल्ह्याचे दोन आकडे काढणार अन त्यावरनं सोमवारपासून स्तर ठरणार. एक आकडा पॉझिटिव्हिटीचा, म्हणजे शंभर टेस्ट केल्या तर त्यात किती जण पॉझिटिव्ह निघाले. दुसरा, ऑक्सिजनचे बेड किती भरलेत. पाचच्या आत पॉझिटिव्हिटी अन पंचवीस टक्क्यांच्या आत बेड, तर पहिला स्तर, सगळं जवळपास मोकळं. पॉझिटिव्हिटी पाच ते दहा किंवा बेड चाळीसच्या वर गेले की तिसरा. वीसच्या वर किंवा बेड पंचाहत्तरच्या वर, तर पाचवा, म्हणजे परत मे महिना.

मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, पलीकडं रेणापूरला सगळं उघडं अन आम्ही चारला बंद. लातूर पहिल्या स्तरात आहे म्हणून तसं. त्यात तुमच्या अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज, आजूबाजूच्या तालुक्यांतले अन शेजारच्या जिल्ह्यांतलेबी पेशंट तिथं येतात, ते बेड मोजणीत बीडच्याच नावावर. ह्यात तुमचा काही दोष नाही, पण मोजायची रीत ती आहे. पॉझिटिव्हिटीलाबी खोट आहेच, नुसत्या आजारी माणसांच्याच टेस्ट केल्या तर टक्का वर दिसतो, अन बाजारात सरसकट अँटिजेन टेस्ट केल्या की खाली येतो. तरी रोज संध्याकाळी कोण काय बोललं ते ऐकण्यापेक्षा हे दोन आकडे बघणं बरं. ३ जूनचंच बघा ना, एका मंत्र्यांनी सांगितलं अठरा जिल्हे पूर्ण अनलॉक अन रात्र व्हायच्या आत सरकारनं सांगितलं तसं काही ठरलेलं नाही, विचार चालू आहे. मार्चच्या शेवटी औरंगाबादेत उलटं झालं होतं, लॉकडाऊन जाहीर केला अन सुरू व्हायच्या आधीच मागं घेतला, लोकांनी पंधरा दिवसांचा किराणा भरून ठेवला होता!

हप्त्याचं मात्र मनावर घ्या. गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची सवलत दिली होती (व्याज चालूच होतं, ते लई जणांना नंतर कळालं). ह्या वर्षी तशी सरसकट सवलत नाही. मे महिन्यात छोट्या धंदेवाल्यांच्या कर्जाची फेरमांडणी करायची मुभा बँकांना दिलीय, पण ती आपोआप होत नसती, अर्ज करावा लागतो. मॅनेजरला तोंडी बोलून येऊ नका, अर्ज द्या अन पोच घ्या. अन गाळामालकाशी बोलताना "उघडल्यावर देतो" म्हणू नका, महिन्याला अमुक एवढं देतो म्हणा, कमी का असंना, तो ऐकतो.

प्रश्न : मागं व्हॉट्सअपवर जागतिक आरोग्य संघटनेचं टाइमटेबल आलं होतं, आधी १ दिवस, मग २१ दिवस, मग ५ दिवस सूट, मग २८ दिवस, परत ५ दिवस सूट, मग १५ दिवस. आता परत तसलंच फिरायलंय. खरं असतंय का हे? — एक शिक्षक, जिंतूर

उत्तर : खोटं. गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीलाच त्या संघटनेनं सांगितलं होतं की आमचं असं कुठलंही वेळापत्रक नाही. पण सर, ते एवढं फिरलं त्याचं कारण साधं आहे, एक अन एकवीस हे दोन आकडे जुळत होते. २२ मार्चचा जनता कर्फ्यू एक दिवस अन नंतरचे एकवीस. झालेल्या गोष्टीचे दोन आकडे आधी टाकायचे म्हणजे पुढचे चार आपोआप खरे वाटतात. आमच्या घरी तर तो कागदावर उतरवून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला होता, मधले पाच दिवस सूट मिळाली की मुलीला माहेरी आणायचं म्हणून. ते पाच दिवस काही आले नाहीत. पुढच्या वेळी असा मेसेज आला की खाली कुठल्या खात्याचा आदेश क्रमांक अन सही आहे का बघा, नसंल तर लेकरांच्या क्लासच्या ग्रुपवर तेवढं टाकू नका.

प्रश्न : औरंगाबादेत मॉल उघडे, हॉटेलं उघडी, अन आमच्या पैठण तालुक्यात चहाची टपरी चारला बंद. कामून? कोरोनाला शहराची शीव कळते का? — एक वैतागलेला, पाचोड

उत्तर : कोरोनाला नाही कळत, आदेशाला कळते. दहा लाखांवर वस्तीची महापालिका वेगळी धरायची अन बाकीचा जिल्हा वेगळा, असा नियम आहे. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद शहर पावणेबारा लाखांचं, म्हणून ते वेगळं पडलं अन पहिल्या स्तरात गेलं, ग्रामीण तिसऱ्यात. नांदेड महापालिका दहा लाखांची नाही म्हणून तिथं सगळा जिल्हा एकत्र. तुमचा राग मला पटतो कारण पहिल्या लाटेत उलटं होतं, जुलैत शहर १० ते १८ तारखेपर्यंत कडकडीत बंद अन खेड्यात फारसं काही नव्हतं, तेव्हा शहरातले लोक हेच विचारत होते. ह्या दुसऱ्या लाटेत रोग खेड्यात शिरला, अन खेड्यात टेस्ट करायला माणूस लवकर तयार होत नाही, अंगावर काढतो अन श्वास लागल्यावर घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात, आणतो. टपरीचं म्हणाल तर चारच्या नंतर अर्धं शटर खाली करून चहा द्यायचा हा उपाय तुम्हाला माझ्याआधीच सुचला असंल, मी काही तो सांगणार नाही.

प्रश्न : मुलीचं लग्न तीनदा पुढं गेलं. पहिलं गेल्या वर्षी मे महिन्यात, मग ह्या वर्षी एप्रिल, मग मे. आम्ही अंबडचे, पाव्हणे गेवराईचे. मंगल कार्यालयाचे पन्नास हजार अडकलेत. पाव्हणे म्हणायलेत दिवाळीनंतर धूमधडाक्यात करू, मुलीची आई म्हणते आता नको थांबायला. काय करावं? — एक वडील, अंबड

उत्तर : मी मुलीच्या आईच्या बाजूनं आहे.

कारण सांगतो. २० जुलैला आषाढी, तिथून चातुर्मास, मग थेट नोव्हेंबरात तुळशीचं लग्न लागल्यावरच मुहूर्त. म्हणजे आत्ताचे चाळीस दिवस सोडले तर चार महिन्यांची खोटी, अन त्या चार महिन्यांत तिसरी लाट येती का न येती हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आज काय आहे ते आपल्याला माहीत आहे. जालना पहिल्या स्तरात, तिथं लग्नाला माणसांची अट नाही. बीड तिसऱ्यात, तिथं पन्नास. एप्रिलमधी तर पंचवीस माणसं अन दोन तासांत उरका असा नियम होता, आठवतंय ना. तेव्हा लग्न अंबडलाच धरा, गोदावरीच्या ह्या अंगाला. पण माणसं पन्नासच बोलवा, कार्यालयात पाचशे बसत असले तरी, कारण दर सोमवारी स्तर बदलू शकतो अन पत्रिका वाटल्यावर साडेचारशे जणांना नका येऊ म्हणणं हे आपल्याकडं आयुष्यभराचं वैर. पन्नासला बोलावलं अन स्तर घसरून तिसरा झाला तरी लग्न लागतंय.

पन्नास कोण हे ठरवताना भांडणं होणार, ती होऊ द्या. मामा आधी. गावजेवणाची हौस असंल तर दिवाळीनंतर पंगत घाला, तेव्हा जमलं नाही तरी लग्न थोडंच अडणार आहे. कार्यालयवाल्याला पन्नास हजार परत मागू नका, देणार नाही, त्याचंही वर्ष बुडालंय, त्यापेक्षा त्यातच हे छोटं लग्न अन नंतरची पंगत दोन्ही बसवून मागा, अन कागदावर लिहून घ्या. पाव्हण्यांना समजावायला तुम्ही एकटे जाऊ नका, मुलीच्या मामाला घेऊन जा.

प्रश्न : तुळजापूरला जाऊन दीड वर्ष झालं. नवस हाय लेकाचा. देऊळ कधी उघडंल बाबा? — एक आजी, औसा (नातवानं लिहून पाठवलंय)

उत्तर : आजी, पाया पडतो. गेल्या वर्षी मार्चात बंद झालेली देवळं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली होती, एप्रिलात परत बंद झाली. ह्या पाच स्तरांच्या हिशोबात देवळाचं काहीच धड नाही, त्यामुळं मी दिवस सांगत नाही. माझी आजी प्लेगाच्या गोष्टी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की सगळं गाव उठून मळ्यात झोपड्या टाकून राहायचं, जनावरं-भांडी सगळं घेऊन. मी विचारायचो किती दिवस राहिलात, तिला ते कधीच सांगता आलं नाही. एक म्हातारा रोज गावात जाऊन बघून यायचा, उंदीर पडायचे थांबले की चला म्हणायचा. तेव्हा नवस आईला घरूनच सांगून ठेवा की उशीर होतोय, अन तुमचे दोन्ही डोस झालेत का ते नातवाला विचारा, तिथं गर्दी कमी नसती.

प्रश्न : मामीनं ५ एप्रिलला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. आधी सहा आठवडे म्हणले, आता ८४ दिवस. आता परत बदलणार का? — एक विद्यार्थिनी, सेलू

उत्तर : १३ मेपासून कोविशिल्डचं अंतर १२ ते १६ आठवडे केलंय. मामींचे ८४ दिवस २८ जूनला भरतात अन सोळा आठवडे धरले तर २६ जुलैपर्यंत वेळ आहे, म्हणजे २८ ला नाही मिळाला तर घाबरायचं कारण नाही. कोव्हॅक्सिनचं अंतर चार ते सहा आठवडेच आहे, शेजारीण काही सांगत असली तर तिनं कुठली घेतली ते आधी विचारा. २१ जूनपासून १८ च्या वरच्या सगळ्यांना केंद्र सरकारकडनं फुकट लस म्हणून जाहीर झालंय, त्यामुळं त्या आठवड्यात लसीच्या केंद्रावर झुंबड उडणार. जायच्या आदल्या दिवशी फोन करून लस आलीय का विचारा, मगच निघा, पहाटे चारला जाऊन चप्पल रांगेत ठेवायची गरज नाही.