सॉफ्टबॉल मुलींसाठीच काढला होता का? आणि तालुक्याच्या गावी मुलींची लीग चालेल का?

सॉफ्टबॉल म्हणजे मुलींना झेपावा म्हणून सोपा केलेला बेसबॉल का, आणि पारोळ्यासारख्या गावी त्याची लीग चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी जळगाव जिल्ह्यात शाळेत पीटी शिकवते, कॉलेजात सॉफ्टबॉलच्या संघात कॅचर होते, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. म्हणून दोन्हींवर लिहिते.

पहिल्याचं उत्तर: नाही, अजिबात नाही. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबमध्ये काही पुरुष येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांमधल्या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. निकाल आला तसा एकाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉकने तोच ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, फरशीवर खडूने रेघा मारल्या आणि तिथेच डाव मांडला. हिवाळ्यात छपराखाली खेळता यावं, एवढाच हेतू. पुढे १८९५ मध्ये मिनिआपोलिसच्या लुईस रोबरने असाच खेळ अग्निशमन दलाच्या जवानांसाठी बसवला. सॉफ्टबॉल हे नाव तर १९२६ मधलं.

मुलींनी तो उचलला, कारण त्याला जागा कमी लागते. धाव काढताना एकामागोमाग गाठायचे टप्पे म्हणजे बेस. बेसबॉलमध्ये दोन बेसमध्ये ९० फूट, इथे ६०. लहान बागेत, कारखान्याशेजारच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी सामना होऊ शकतो. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांबरोबर महिलांचीही झाली. १९४३ मध्ये युद्धामुळे पुरुष खेळाडू कमी पडू लागले आणि शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचा मालक फिलिप रिग्ली याने महिलांची व्यावसायिक बेसबॉल लीग काढली. त्यातल्या बऱ्याच जणी गावोगावच्या सॉफ्टबॉल लीगमधूनच आल्या होत्या. त्यांना स्कर्ट घालून खेळायला लावत. बेस गाठताना घसरावं लागतं, मांड्या सोलवटून निघायच्या, तरी त्या खेळल्या. १९५४ च्या हंगामानंतर ती लीग बंद पडली.

‘मुलींचा खेळ’ हा शिक्का पक्का झाला तो बराच नंतर. मारिया पेपे ही न्यू जर्सीची मुलगी १९७२ मध्ये लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या एका संघातून खेळली आणि तिला काढलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. १९७४ मध्ये लिटल लीगला मुलींसाठी दार उघडावं लागलं, पण त्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी वेगळं सॉफ्टबॉलही सुरू केलं. त्यातून लाखो मुली मैदानावर आल्या हे खरं; त्यांना बेसबॉलपासून बाजूला वळवलं गेलं, हेही मला तितकंच खरं वाटतं.

आणि सोपा? महिलांच्या सामन्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, ४३ फुटांवरून चेंडू टाकते. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो. ताशी १०० किलोमीटरने आला तर बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही.

आता लीगचं. आपल्या खान्देशात सॉफ्टबॉल नवा नाही, शालेय स्पर्धांत मुली उतरतात. पण तालुका, जिल्हा, विभाग असं सगळं बाद पद्धतीने चालतं. पहिलाच सामना हरला की त्या पोरींचं वर्ष संपलं! मग पुढच्या वर्षी दहावी आली, ग्लोव्ह कपाटात गेला. लीगमध्ये हरलेल्या संघाला पुढच्या रविवारी परत सामना मिळतो. मला लीग हवी ती याचसाठी. चार संघ असले तरी पुरे.

वेळ सकाळी सातची ठेवा. कपाशीची वेचणी सुरू झाली की बऱ्याच मुली रविवारी शेतात जातात. सामना साडेआठला संपला तर घरचे अडवत नाहीत. सात इनिंगऐवजी पाच खेळवा; एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेकदा बॅटिंग होते. ‘पोर काळी पडी जाई’ म्हणणाऱ्या आईला एकदा मैदानावर बोलवा आणि धावफलक तिच्या हातात द्या. शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या जुन्या खेळाडूंना विसरू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी येतातच, तेव्हा पहाटे त्यांचा एक सामना लावा. धाकट्या बहिणी तो बघायला येतील.

सामानाचं म्हणाल तर एका मैदानावर नऊ ग्लोव्हचा एकच संच चालतो. इनिंग बदलली की क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुली ते काढून समोरच्या संघाला देतात. फक्त डावखुऱ्या मुलीसाठी उजव्या हातात घालायचा एक ग्लोव्ह वेगळा आणा, नाहीतर ती बिचारी उलटा ग्लोव्ह चढवून झेल सोडत राहते आणि सगळे तिलाच बोलतात. कॅचरचा मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड यांत अजिबात काटकसर नको. बॅटिंग करणारीला आणि बेसवरच्या मुलींना हेल्मेट हवंच. बाकी बेस पोत्यात माती भरून होतात, रेघांना फक्की आहेच.

मुली किती आहेत, कोणत्या वयाच्या आहेत आणि मैदान शाळेचं की नगरपालिकेचं, ते कमेंटमध्ये कळवा. त्यावरून सामन्यांचं वेळापत्रक मांडून देते.