बुडालेल्या जहाजावर पहिल्यांदा उतरताना

मित्रा, स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड 18 मीटर खोलीपर्यंतच. मालवण-निवतीकडे जहाज त्याखाली असेल, तर आधी पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स कर. सगळे चाललेत म्हणून उतरू नकोस. 30 मीटरवर दाब वरच्या चौपट, हवाही चौपट वेगाने संपते. हवा किती उरली ते दाखवणारा गेज सारखा बघ, जोडीदारालाही विचार. आत शिरायचंच नाही. बाहेरूनच गोबरे, तांबोशी असे मासे मनसोक्त दिसतात.

मला खरी धास्ती जहाजाला अडकलेल्या जाळ्यांची. नायलॉन पाण्यात दिसतच नाही. छोटी सुरी दोन्ही हात पोचतील अशी बांध. अडकलास तर गिरकी घेऊ नकोस, गुंता वाढतो. स्थिर राहा, जोडीदाराला कापू दे. वर येताना नांगराचा दोर सोडू नकोस, 5 मीटरवर 3 मिनिटं थांब.