ठमी कधी घरी येणार?

*ताई, नमस्कार. आमच्याकडे दोन गिनी पिग होत्या, ठमी आणि चिंगी. मुलीच्या वाढदिवसाला आणल्या, त्याला साडेतीन वर्षं झाली. दिवाळीनंतर ठमी खाताना घास खाली पाडायला लागली. हनुवटी सतत ओली, वजन नऊशे ग्रॅमवरून सातशेच्या खाली. इथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे कळलं की खालच्या दाढा आत वाढून जिभेवर कमान झाली आहे. भूल देऊन दाढा घासल्या आणि संध्याकाळी तिला घरी सोडलं. दर दोन-तीन तासांनी सिरिंजने भरवायचं होतं. दुसऱ्या रात्री दोनचं भरवलं आणि माझा डोळा लागला. पाचला उठून बघते तर पोट टम्म फुगलेलं. डॉक्टरांचा फोन कोणी उचलला नाही. सहाच्या आत ती गेली.*

*मुलगी नऊ वर्षांची आहे. ती उठायच्या आत ह्यांनी ठमीला सोसायटीच्या मागे शेवग्याखाली पुरलं आणि मुलीला आम्ही सांगितलं की रात्रीतून परत पुण्याला नेऊन ठेवलंय. ती रोज विचारते, कधी आणायची? सासूबाई म्हणतात, उंदरावर एवढे पैसे घातले, आता रडणं तरी पुरे. चिंगी कोपऱ्यात बसून असते. भूल द्यायच्या संमतीच्या कागदावर मी सही केली नसती तर? झोपले नसते तर? – एक आई, नाशिक*

ताई,

तुमचे प्रश्न सही आणि झोपेबद्दलचे आहेत, पण घाई आहे ती मुलीची. तेवढं आधी उरकू या.

तिला आज सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला मरण म्हणजे काय हे कळतं. गेलेलं परत येत नाही, हेही कळतं. आणि मला वाटतं, तिला निम्मं कळलेलंच असणार. चिंगी एकटी आहे, तुमचे डोळे सुजलेले आहेत, पुण्याला कोणी फोन करत नाही. मुलं हे सगळं टिपतात आणि मोठ्यांची अडचण होऊ नये म्हणून खोटं खोटं विचारत राहतात.

साध्या शब्दांत सांगा. "ठमीच्या दाढा वाढल्या होत्या, तिला गिळता येत नव्हतं. डॉक्टरांनी त्या घासल्या. पण ती फार अशक्त झाली होती, नंतर तिचं पोट फुगलं आणि ती मेली. बाबांनी तिला शेवग्याखाली पुरलंय. तुला लगेच सांगायला हवं होतं, आमची हिंमत झाली नाही." बास, एवढंच. "झोपली" म्हणू नका. भूल देऊन झोपवलं हे तिने ऐकलेलं आहे, उद्या तिच्यावर स्वतःवर टाके घालायची वेळ आली तर ती हेच आठवून घाबरेल. "देवाला आवडली" हेही नको, त्यावर पुढचे प्रश्न फार अवघड येतात. ती रडेल, आणि ठमीपेक्षा तुमच्या खोटेपणावर जास्त चिडेल. चिडू द्या. दोन-तीन दिवसांनी हळूच विचारा की आपल्यामुळे झालं असं तिला वाटतंय का. एखाद्या मुलाने चोरून बिस्किटाचा तुकडा भरवलेला असतो आणि ते मनात धरून बसलेलं असतं. शेवगा दाखवा, तिथे काही ठेवायचं म्हणाली तर ठेवू द्या. उकरून बघायचं म्हणाली तर मात्र नाही म्हणा.

आता सही.

गिनी पिगचे सगळे दात, पुढचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात. चघळून झिजले नाहीत तर खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकतात आणि जीभ त्यांच्याखाली अडकते. समोर अन्न असतं, भूक असते, प्राणी तोंडही लावतो, पण घास मागे ढकलता येत नाही. तुमच्यापुढे तीन वाटा होत्या: दाढा घासणं, इंजेक्शन देऊन शांतपणे मरू देणं, किंवा काहीच न करता उपाशी मरताना बघणं. सही न करता ठमी चिंगीबरोबर पुढची दिवाळी बघणार होती, अशी चौथी वाट नव्हतीच. तुमच्या मनात जी तुलना चालली आहे ती त्या नसलेल्या वाटेशी चालली आहे.

धोका मोठा होता हे मात्र खरं. ब्रिटनमध्ये कुत्र्या-मांजरांच्या आणि लहान प्राण्यांच्या भूलीची एक मोठी पाहणी झाली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. कुत्र्यांमध्ये भूलीशी निगडित मृत्यू ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के, सशांमध्ये १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के. म्हणजे शंभरात जवळजवळ चार, आणि ठमी तर आधीच जवळजवळ पाव हिश्श्याने वाळलेली होती. त्यांचं तोंड इतकं अरुंद असतं की श्वासाची नळी घालणं अवघड जातं, एवढ्याशा अंगातली ऊब झपाट्याने जाते. मोठं संकट पुढे येतं. दुखतं म्हणून खात नाहीत, खात नाहीत म्हणून आतडं मंदावतं, वायू साठतो. उलटी करण्याची सोय त्यांच्या शरीरात नाही. पोट असं फुगलं की भरल्या दवाखान्यातही प्राणी काही तासांत हातचा जातो.

म्हणून तीन तासांच्या त्या झोपेबद्दल. तुम्ही जाग्या असता तर फुगवटा थोडा आधी दिसला असता. पण पहाटे तीनला नाशिकमध्ये गिनी पिगचं पोट सोडवणारा डॉक्टर तुम्ही कुठून आणणार होतात? पुण्याच्या रस्त्यावर गाडीत ती गेली असती, ही शक्यता मला जास्त दिसते. आधीची रात्रही तुम्ही जागून काढली असणार, दुसऱ्या रात्री शरीराने हिशेब मागितला. पाळी लावायला हवी होती म्हणाल तर हो, यजमानांनी एक वेळचं भरवणं घ्यायला हवं होतं. पुरायला ते पहाटे उठले, तसंच. हे त्यांना सुनावा असं मी म्हणत नाही. पण सगळं ओझं एकटीच्या डोक्यावर घेताना एवढं ध्यानात असू द्या.

एक गोष्ट गोड बोलून टाळणार नाही, कारण चिंगी अजून आहे. या प्राण्यांच्या खाण्यात मुख्य भाग वाळल्या गवताचा हवा, रोज आणि हवं तेवढं. आपल्याकडे दुकानदार दाण्यांचं पाकीट देतो आणि वर गाजर-काकडी सांगतो. दाणे चटकन विरघळतात, दाढा झिजत नाहीत. तुमच्याकडे गवत कमी पडत असेल तर ठमीच्या दाढांमागचं ते एक कारण असू शकतं. काहींचा जबडाच तसा असतो, तेव्हा खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. शिवाय माणसासारखंच त्यांचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, आणि ते कमी पडलं की हिरड्या नि दातांची मुळं ढिली होतात. ढोबळी मिरचीचा एक काप रोज द्या, कोथिंबीर द्या. पाण्यात थेंब टाकायला सांगतात, त्यावर विसंबू नका, पाण्यात ते टिकत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन करा, पण भांडायला नको. वेळ मागून घ्या आणि विचारा: वेदनेचं औषध कोणतं आणि किती दिवसांचं दिलं होतं, पोट फुगायला लागल्याचं पहिलं लक्षण काय असतं, एवढ्या अशक्त प्राण्याला एक रात्र ठेवून का घेतलं नाही. शेवटचा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर पटलं नाही तर पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर. आज रागाच्या भरात इंटरनेटवर लिहू नका. कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणारे डॉक्टर आपल्याकडे आधीच मोजके आहेत, आणि तुम्हाला चिंगीला घेऊन कदाचित त्याच दारात जावं लागेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या वेळी घरातली गायही डॉक्टरपर्यंत जायची नाही. "साडेतीन वर्षं सकाळी भाजीची पिशवी वाजली की ती शिट्टी घालायची, आता घालत नाही, म्हणून रडू येतं," एवढं एकदा सांगा आणि उठून जा. पैशांचा हिशेब त्यांना देऊ नका, ते तुमच्या दोघांचे पैसे होते.

राहिली चिंगी. गिनी पिग कळपातले प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्याने परवानगी नाही, इतकं ते तिकडे गांभीर्याने घेतलं जातं. म्हणजे तिला सोबत लागेल, पण ती या आठवड्यात नको. मुलीला ठमीच्या जागी लगेच दुसरी आणून दिली तर तिला वाटेल, आपल्यालाही असंच बदलता येतं. महिनाभराने तिलाच विचारा. आणाल तेव्हा मादीच आहे याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या, दुकानात यात सर्रास गडबड होते. चिंगीच्या वयात पहिलं बाळंतपण जिवावर बेततं, कारण तोवर ओटीपोटाखालच्या हाडांचा पुढचा सांधा घट्ट झालेला असतो. नवी आली की दोन-तीन आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात.

तोवर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चिंगीला रोज सकाळी ठेवा. आकडा लिहून ठेवायचं काम मुलीला द्या. आठवड्यात पन्नास ग्रॅमच्या वर उतरला किंवा लेंड्या लहान व्हायला लागल्या तर वाट न बघता दाखवा. आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर आत्ताच, सगळं ठीक असताना, शोधून ठेवा.

– तुमची ताई