पाडलेल्या झाडाचे ओले ओंडके खरादासाठी: ओळखायचे कसे, सुकवायचे कसे

तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरात शेजारच्या प्लॉटवरचं झाड एप्रिलमध्ये पाडलं, त्याचे फूट-दीड फुटाचे ओंडके तुम्ही घरी आणले, लाकूड कोणतं ते कसं ओळखायचं आणि वाडगे खरादायला (लेथवर फिरवून घडवायला) ते किती दिवस उन्हात सुकवायचं?

उन्हात एक दिवसही ठेवू नका. ओंडके गच्चीवर असतील तर आधी ते सावलीत आणा. ओळख पटायला आठवडा लागला तरी चालेल, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात टोकांना तडे जायला दोन दुपारी पुरतात.

त्यामागचं कारण लक्षात आलं तर पुढचं सगळं सोपं आहे. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी निघून जातं तोपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की आकसणं सुरू होतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही: वर्षवलयांच्या कडेकडेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीकडे आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. त्यातून कापलेल्या टोकांमधून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं. टोक आकसू लागतं, आतलं लाकूड अजून फुगलेलंच असतं, आणि तडा जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेत लाकूड सुकवायला काहीच करावं लागत नाही. कष्ट आहेत ते त्याचा वेग कमी करण्यात.

म्हणून आजच दोन्ही टोकांना फेविकॉलचे दोन जाड हात द्या. घरात उरलेला ऑइल पेंटही चालतो. मेण सगळ्यात चांगलं, पण ते थेट गॅसवर वितळवू नका, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. टोकाला आधीच बारीक भेगा दिसत असतील तर तेवढा भाग कापून टाका आणि लगेच लेप द्या. मग ओंडका उभा चिरून दोन फाका करा, चीर बरोबर मधल्या ठिपक्यातून जाऊ द्या. तो ठिपका आत राहिला तर वाडगा हमखास फुटतो. हातात चेनसॉ नसेल तर लकडगंजात आरा मशीनवर चिरून मिळेल. झाड रस्त्याकडेचं किंवा कुंपणालगतचं असेल तर आधी चुंबक फिरवून बघा. पाट्यांचे जुने खिळे सालीखाली गडप झालेले असतात, आणि फिरत्या लाकडात हत्यार खिळ्यावर आदळणं फार धोक्याचं आहे.

आता ओळख. सगळ्यात खात्रीची ओळख पानं, शेंगा आणि साल यांवरून होते, म्हणून जागेवर अजून फांद्या पडल्या असतील तर आजच एक डहाळी घेऊन या. ते शक्य नसेल तर टोकाचा छोटा तुकडा धारदार चाकूने गुळगुळीत तासा, पाण्याने ओला करा आणि दहापट भिंगातून बघा. सागात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग स्पष्ट दिसते, हाताला तेलकट लागतं आणि वास चामड्यासारखा येतो. कडुनिंबात छिद्रं विखुरलेली, लाकूड लालसर, आणि खरादताना भुसा घशाला कडू लागतो. शिरीषात बाहेरचा पांढरा पट्टा रुंद, आत गडद तपकिरी नार (मधलं पक्कं लाकूड), आणि छिद्रांभोवती फिकट कडं दिसतं. त्याच्या भुशाने शिंकांनी जीव हैराण होतो. चिंचेचा बराचसा भाग पिवळसर आणि मधला जांभळट-तपकिरी गाभा वेडावाकडा, हत्याराची धार पटकन जाते, पण पॉलिश सुंदर येतं. बाभळीची साल काळपट, खोल भेगांची, लाकूड गुलाबीकडून तांबूस होत जाणारं आणि वजनाला भारी. आंबा फिकट असतो आणि ओला पडून राहिला की त्यावर निळे-काळे डाग पडतात. नवशिक्याला हत्यार कसं धरायचं ते आंब्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. गुलमोहर आणि उंच सरळ वाढणारा खोटा अशोक मऊ असतात, त्यांवर फार वेळ घालवू नका.

बिजा या झाडाचं लाकूड ओळखायची पद्धत मला फार आवडते: नारेचे चार तुकडे पेलाभर पाण्यात टाका, काही वेळाने पाणी उन्हात धरलं की निळी झाक दिसते. मधुमेहावर म्हणून विकले जाणारे लाकडी पेले याच झाडाचे, आणि तेही खरादावरच होतात.

अनोळखी लाकूड चाखून मात्र बघू नका. कण्हेर विषारी आहे, त्याचं खाण्याचं भांडं कधीच करू नका. आणि लाकूड कोणतंही असो, मास्क लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

फाका सुकायची वाट बघत बसू नका, वाडगा ओला असतानाच ढोबळ खरादा. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवा, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच, आणि बुडापासून काठापर्यंत सारखीच. सुकताना तो लंबगोल होणारच, ही जाडी त्याला पुन्हा गोल करण्यासाठी ठेवायची असते. बुडावर तारीख आणि वजन पेन्सिलने लिहा, जिथे आडवा छेद (लाकडाच्या रेषांची कापलेली टोकं) दिसतो तिथे मेण लावा, आणि कोरड्या भुश्यासकट कागदी पिशवीत बांधून ठेवा. प्लॅस्टिक नको, बुरशी येते. उन्हाळ्यात कूलर चालणारी खोली यासाठी उत्तम, कारण तिथली हवा ओलसर असते. फक्त झोत थेट पिशवीवर येऊ देऊ नका.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सुरुवातीला झरझर उतरेल, मग संथ. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड हवेशी जुळलं. 'इंचाला एक वर्ष' हा हिशेब थंड देशांतल्या जाड फळ्यांचा आहे, ढोबळ वाडग्याला काही महिने पुरतात.

तरीही शेवटचा हात घाईने देऊ नका. मे महिन्याच्या हवेत लाकडातला ओलावा 4-5 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, आणि ऑगस्टच्या 80 टक्के आर्द्रतेत तोच 16 टक्क्यांच्या जवळ जातो. तेव्हा पावसात वजन पुन्हा वाढलं तर घाबरू नका. घट्ट बसणारं झाकण असलेला डबा करायचा असेल तर त्याचं शेवटचं माप दिवाळीनंतरच घ्या, हवा दोन्ही टोकांच्या मधोमध असते तेव्हा. पसरट वाडग्याला एवढं थांबण्याची गरज नाही.

आणखी एक: शहरात झाड पाडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. साग निघाला तर वनखात्याच्या वाहतूक पासाचाही प्रश्न येतो. शेजाऱ्यांकडून त्या परवानगीची प्रत मागून घ्या, आणि आरा मशीनवर जाताना ती सोबत ठेवा.