भिंतीतला गडू आणि १९४५ चा रुपया

प्रश्न : कराडजवळच्या आमच्या गावी जुन्या वाड्याची मागची भिंत गेल्या मार्गशीर्षात पाडायला घेतली. गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला चुन्याने लिंपून बुजवलेल्या कोनाड्यात तांब्याचा गडू सापडला. तोंडाला फडकं बांधलेलं, आत ४३ चांदीची नाणी. त्याला पाचशे रुपये दिले आणि कुठे बोलू नकोस म्हणून सांगितलं. पुढे कोल्हापुरात जुनी नाणी आणि वस्तूंचं फिरतं प्रदर्शन आलं. तिथे मोफत किंमत सांगत होते, म्हणून नाणी आणि देवघरातला घोड्यावरचा पितळी खंडोबा घेऊन गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, ४२ नाणी अंकुशी रुपये, म्हणजे अंकुशाची खूण असलेले पेशवाईतले रुपये आहेत. एक १९४५ चा, राजाच्या छापाचा रुपया होता, तो त्यांनी ‘याला काही भाव नाही’ म्हणून बाजूला सारला, म्हणून नातीला खेळायला दिला. खंडोबा मात्र बराच वेळ हातात धरून म्हणाले, ‘दोनशे वर्षांचा असेल, रोखीने घेतो.’ दोन अंकुशी रुपये तपासायला म्हणून ठेवून घेतले, पावती दिली नाही. पुतण्या न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, दिवाळीला सगळं इकडे आणा, इथल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तज्ज्ञांना दाखवू. विकावं की न्यावं?

उत्तर : सध्या दोन्हीही करू नका. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बाजूला सारलेल्या रुपयापाशीच थांबले. तो आज नातीकडून मागून घ्या, दुसरं खेळणं द्या, आणि पाकिटात घालून वर तारीख लिहा. का, ते सांगते.

आपण ज्याला गुप्तधन म्हणतो त्याच्यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली मोलाची वस्तू त्यात येते. वाड्याची भिंत म्हणजे जमिनीला जोडलेलीच. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, की ज्याला सापडलं त्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायच्या किंवा तारण द्यायचं. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि चार ते सहा महिन्यांनंतरच्या एका ठरलेल्या दिवशी चौकशी ठेवतात.

त्या चौकशीत सगळं एका प्रश्नावर फिरतं : हे कोणी आणि कधी दडवलं? कोणीच मालक ठरला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. त्या दोघांत आधी वेगळा करार झाला असेल तर त्याप्रमाणे. पण सापडल्याच्या आधीच्या शंभर वर्षांत ते दावा करणाऱ्याने किंवा त्याच्या पूर्वजाने दडवलं असावं असं दिसलं, तर जिल्हाधिकारी चौकशी थांबवतात आणि दिवाणी न्यायालयात मालकी सिद्ध करायला वेळ देतात.

आता गडूकडे बघा. ४२ नाणी पेशवाईच्या काळातली. एवढीच असती, तर कोणीही म्हणालं असतं की हे दोनशे वर्षांपूर्वीचं, मालक कोण ते देव जाणे. पण त्याच गडूत १९४५ चा रुपया आहे. १९४५ साली पाडलेलं नाणं त्याच्या आधी बुजवलेल्या कोनाड्यात असू शकत नाही. म्हणजे कोनाडा १९४५ नंतर बंद झाला आणि तेव्हा वाड्यात तुमचे आजोबा राहत होते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, ‘४८ साली वाडा जळता जळता वाचला, आजोबांनी ऐनवेळी काय काय लपवलं असं आजी म्हणायची.’ फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात काय झालं हे तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. आजीचं ते बोलणं ऐकलेलं कोणी हयात असेल, तर त्यांचं म्हणणं आत्ताच प्रतिज्ञापत्रावर घ्या. ४२ अंकुशी रुपयांतून जे सिद्ध होत नाही, ते त्या बिनभावाच्या रुपयातून होतं. प्रदर्शनातल्या गृहस्थांनी बाजारातला भाव सांगितला. न्यायालयात वेगळा भाव चालतो.

म्हणून गडू, तोंडाचं फडकं, कोनाड्यातला चुना, सगळं जसं आहे तसं ठेवा. नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. कोनाड्याचे फोटो असतील तर त्यांच्या तारखा जपा, नसतील तर उरलेल्या भिंतीचे आज काढा.

आता बिगाऱ्याबद्दल. इथे मला तुम्हाला दोन शब्द सुनवायचे आहेत. कायद्याच्या नजरेत ‘सापडवणारा’ तो आहे, तुम्ही नाही. वर्दी द्यायची जबाबदारी त्याची, आणि न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आणि त्याचा वाटा सरकारजमा, हीही त्याच्याच माथी. त्याला गप्प बसवणाऱ्या जागामालकालाही हा कायदा सोडत नाही. पाचशे रुपये हातावर ठेवून तुम्ही एका रोजंदारीवरच्या माणसाला, त्याच्या नकळत, गुन्ह्याच्या दारात उभं केलंत. मालकी आजोबांची ठरली तर त्याचा कायदेशीर वाटा राहणार नाही, हे खरं. पण ते ठरवायचं न्यायालयाने. शिवाय गडू कोनाड्यातून बाहेर काढला त्यानेच, म्हणजे तुमचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदारही तोच. त्याला घरी बोलवा, हे सगळं त्याला समजेल अशा शब्दांत सांगा, आणि त्याला हवा असेल तर त्याच्यासाठी वेगळा वकील बघा. त्या वकिलाचे पैसे तुम्ही द्या.

आजोबांच्या नावाने दावा करायचा म्हटलं की वारसही आले. तुमच्या दोन आत्या होत्या असं लिहिलंय. आजोबा १९७१ ला वारले, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. आत्याही वारस, आणि त्या नसतील तर त्यांची मुलं. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही फोन करा.

खंडोबाचं प्रकरण वेगळं आहे आणि सोपंही. तो भिंतीत सापडलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या पूजेत आहे. पण शंभर वर्षांहून जुनी मूर्ती म्हणजे पुरावस्तू. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, तो अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. धातूच्या, दगडाच्या, हस्तिदंताच्या मूर्तींची नोंदणी या कायद्याखाली सक्तीची आहे. नाणी त्या यादीत नाहीत. मूर्ती ताब्यात आल्यापासून पंधरा दिवसांत नोंदवायची असते. तुमच्याकडे ती वडिलांच्या मागे आली, म्हणजे मुदत कधीच गेली. तरी आज जा. आपल्या जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी कोण, हे राज्याच्या पुरातत्त्व विभागात विचारा, फोटो जोडा आणि उशिराचं खरं कारण लिहा. नोंदणी न करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड असू शकतो, पण स्वतःहून दारात आलेला माणूस आणि पकडला गेलेला माणूस यांत फरक पडतो. नोंदणी झाली म्हणून मूर्ती कोणी उचलून नेत नाही, खंडोबा देवघरातच राहतो. पुढे कोणाला द्यायची झाली, तर तेवढं कळवावं लागतं.

पुतण्याची हौस मला कळते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७९ पासून आणि अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीने १९९७ पासून असा फिरता कार्यक्रम चालवलाय. लोक माळ्यावरचं काहीतरी घेऊन रांगेत उभे राहतात आणि किंमत ऐकून त्यांचे डोळे भरून येतात. पण पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. दुसऱ्या कोणी नेली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, वर दंड. ‘पूजेची मूर्ती आहे’ म्हणून सूट मिळत नाही, आणि अंकुशी रुपयेही यातून सुटत नाहीत. त्याला फोटो पाठवा, तेवढं पुरे.

राहिले ते दोन रुपये. त्या गृहस्थांना आजच लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. तारीख, ठिकाण, नाण्यांची संख्या लिहा आणि सात दिवसांत परत मागा. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा त्यांचा परवाना क्रमांकही विचारा. परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही. विश्वासाने ठेवलेली वस्तू परत न देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालचा गुन्हा होऊ शकतो, पण ते पाऊल उत्तर आल्यावर, किंवा न आल्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अर्जात मात्र ४३ नाण्यांपैकी ४१ हाती आहेत आणि दोन कोणाकडे आहेत, हे स्पष्ट लिहा. ४१ च सापडली असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

अर्ज साध्या मराठीत, एक पानाचा पुरे. सापडल्याची तारीख, कोनाड्याची जागा, नाण्यांचा तपशील, १९४५ च्या रुपयाचा वेगळा उल्लेख, पाचशे रुपयांचाही उल्लेख, आणि खाली दोन सह्या : बिगाऱ्याची आणि तुमची. सातारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आवक विभागात दोघं मिळून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.