शिआनमध्ये एक दिवस

प्रश्न : चीनमधल्या शिआन शहरात एकटीला एकच दिवस आहे. प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक आणि तिथलं खाणं, दोन्ही जमेल का?

उत्तर : जमेल. सैनिकांचं तिकीट आधीच पासपोर्ट क्रमांकावर काढा, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. सैनिक ज्यांत उभे आहेत त्या तीन खड्ड्यांपैकी पहिला सर्वांत भव्य. 1974 मध्ये विहीर खणताना सापडलेला तोच. तो शेवटी पाहा, नाहीतर बाकीचे दोन फिके वाटतात.

संध्याकाळी मुस्लिम वस्तीत पाओमो खा. वाडग्यात घट्ट रोटी मिळते. ती आपणच नखाएवढी कुस्करायची, मग आचारी मटणाच्या रश्श्यात शिजवतो. घाईत मोठे तुकडे केलेत तर ते आतून कोरडे राहतात. शाकाहारी असाल तर ल्यांगपी, म्हणजे थंड, तिखट-आंबट शेवया. मांस नको हे चिनीत लिहून दाखवा. मोबाइलवरून पैसे देण्याच्या अलीपे ॲपला कार्ड निघण्यापूर्वीच जोडा, थोडे सुटे युआनही ठेवा.