वाचकांचे प्रश्न : मुलींच्या शिक्षणासाठी निधी

प्रश्न : आमच्या मंडळाने गरजू मुलींच्या शिक्षणासाठी निधी जमवायचे ठरवले आहे. पैसे नेमके कशासाठी मागावेत आणि देणगीदारांचा विश्वास कसा टिकवावा?

उत्तर : निधी मागण्यापूर्वी मुली आणि त्यांच्या आयांशी बोला, कारण शाळेत शुल्क नसले तरी प्रवासभाडे, गणवेश, परीक्षा शुल्क आणि सॅनिटरी पॅड यांचा खर्च अनेकदा घरावर पडतो, आणि प्राथमिक शाळा संपून माध्यमिक शाळा लांब पडू लागली, की मुलीचे नाव काही वेळा याच खर्चापायी पटावरून कमी होते. म्हणून ‘शिक्षणासाठी मदत करा’ असे मोघम आवाहन करण्याऐवजी ‘एका मुलीचा वर्षभराचा प्रवासखर्च’ असे नेमके मागा. आपला पैसा कुठे जाणार हे देणाऱ्याला तिथेच कळते.

एकदाच मोठी रक्कम गोळा करण्यापेक्षा दरमहा थोडे देणारे लोक जोडणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण आठवीत हाती घेतलेल्या मुलीला दहावीपर्यंत साथ द्यावी लागते आणि मध्येच हात आखडता घेतला, तर तिचे शिक्षण पुन्हा अधांतरी राहते. मुली तेवढ्याच निवडा, जेवढ्यांचा पुढचा खर्च निभावेल.

मंडळाच्या नावे स्वतंत्र बँक खाते, दोघांच्या सह्या, प्रत्येक देणगीची पावती आणि दर तिमाहीला जमाखर्च एवढे काटेकोरपणे पाळा. मुलींची छायाचित्रे आणि घरची परिस्थिती मात्र आवाहनात छापू नका. मदत घेताना त्यांना वर्गात मान खाली घालावी लागू नये.